आवाज दाबण्यासाठी जाड ऑइल भरल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: ट्रकच्या इंजिनात पुस्तिकेबाहेरच्या ग्रेडचे ऑइल भरल्याबाबत.

महोदय,

मी लासलगावहून न्हावा शेवा बंदरापर्यंत कांद्याची वाहतूक करतो. माझा २०१८ सालचा बीएस-४ ट्रक पहिल्यापासून आपल्याच अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये दाखवत आलो आहे. गेल्या आठवड्यात इंजिनाच्या वरच्या बाजूने टकटक आवाज येऊ लागला, म्हणून गाडी तेथे नेली आणि आवाज टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांतली फट वाढल्याचा वाटतो, हे सुपरवायझरना स्पष्ट सांगितले. संध्याकाळी गाडी हातात आली तेव्हा आवाज बराच उतरला होता. बिलावर मात्र ‘इंजिन ऑइल, फिल्टर’ एवढीच नोंद होती. ग्रेड लिहिलेला नव्हता आणि टॅपेट सेटिंगचा उल्लेखही नव्हता.

खरा प्रकार तिसऱ्या दिवशी पहाटे कळला. निफाड तालुक्यातली जानेवारीची थंडी आपणांस ठाऊक असेलच. पूर्वी दोन-तीन सेकंदांत विझणारा ऑइल प्रेशरचा इशारा-दिवा त्या पहाटे आठ-नऊ सेकंद पेटून राहिला आणि तेवढा वेळ रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे दांडे) कोरडे खडखडत होते. चौकशी केल्यावर मेकॅनिकने २०डब्ल्यू-५० ग्रेडचे ऑइल भरल्याचे मान्य केले. जाड ऑइलने आवाज दबतो, असे त्याचे म्हणणे.

आपल्या पुस्तिकेत या इंजिनासाठी १५डब्ल्यू-४० ग्रेड, सीआय-४ प्लस दर्जा असे छापलेले आहे. ‘डब्ल्यू’आधीचा आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहते ते सांगतो, नंतरचा आकडा तापल्यावर त्याचा दाटपणा किती उरतो ते. १०० अंश सेल्सिअसला ४० ग्रेड १६.३ सेंटिस्टोकच्या (दाटपणाचे एकक) आत असतो, ५० ग्रेड तेथूनच सुरू होतो. जाड ऑइल सैल टॅपेटचा ठोका मऊ करते, पण फट होती तेवढीच राहते, आणि थंड इंजिनात ते रॉकरपर्यंत उशिरा पोहोचून नेमक्या त्याच वेळी झीज वाढवते. इंजिन झिजून ऑइल प्रेशर उतरले असते, तर ग्रेड बदलण्याचा विचार मीही समजू शकलो असतो. पण त्यासाठी आधी गेज लावून प्रेशर मोजायला हवे होते, आणि ते कोणी मोजलेच नाही.

म्हणून हे ऑइल व फिल्टर आपल्या खर्चाने बदलून योग्य ग्रेड भरावा, माझ्यासमोर फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) टॅपेटची फट तपासून प्रेशरची नोंद द्यावी आणि यापुढे बिलावर ऑइलचा ग्रेड लिहावा, अशी माझी मागणी आहे. तोपर्यंत गाडी मी उभीच ठेवली आहे. ती कधी आणायची, हे दोन दिवसांत लेखी कळवावे.

आपला विश्वासू,
एक ग्राहक