माई, नेफा उसवला एकदाचा

माई,

तुम्ही पुण्याला लेकीकडे गेल्यापासून तीन वेळा फोनवर माझ्या उजव्या मनगटाच्या ऑपरेशनबद्दल आभार मानायला गेले आणि तिन्ही वेळा तुम्ही "ते राहू दे गं, डाव्या हाताचं काय म्हणतंय" म्हणून विषय बदललात. म्हणून आता सगळ्यांसमोरच लिहितेय, इथे तरी मध्ये तोंड घालता येणार नाही तुम्हाला. आणि हे सगळं उजव्या अंगठ्याने टाईप करतेय, तेवढं ध्यानात घ्या.

दोन वर्षं झाली असतील. रात्री अडीच-तीनच्या सुमारास हात पेटल्यासारखा व्हायचा, मुंग्या, बधीर, मग उठून अंधारात थर्मामीटर झटकतात तसा हात झटकत बसायचं, ह्यांना वाटायचं मला स्वप्नं पडतात. दिवसा लग्नसराईचं काम, अस्तराचे ब्लाउज, वरून पायपिंग, आणि हुक लावायला घेतलं की चिमटीतून हुक गायब, जमिनीवर चुंबक फिरवून गोळा करायचे. एका ठिकाणी दाखवलं तर मानेचा एक्सरे काढून मणक्याचं आहे म्हणाले. मग मानेला पट्टा, ट्रॅक्शन, शेक, आठ महिने गेले त्यात. माझी मान एक दिवससुद्धा दुखत नव्हती पण हे आपण डॉक्टरला सांगावं असं सुचलंच नाही, ते पट्टा देतायत तर देतायत. सासूबाई रोज तिळाच्या तेलाने चोळायच्या ते वेगळंच.

तुम्ही ब्लाउजचं माप द्यायला आला होतात, हिरवट इरकलीवरचा, आणि माझ्या हातातून टेप दोनदा पडली. तुम्ही एवढंच विचारलंत, "करंगळी पण बधीर होते का गं?" मी थांबून बघितलं तर करंगळी ठणठणीत! अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं आणि अनामिकेची अर्धी बाजू, एवढंच मेलेलं. अर्धं बोट कसं बधीर होतं हा प्रश्न मला दोन वर्षात पडला नव्हता. मग तुम्ही दोन्ही पंजे खाली लोंबते सोडून मनगटं दुमडून पाठीला पाठ लावायला लावलीत, म्हणालात एक मिनिट धर. चाळीस मोजेपर्यंत करंट यायला लागला. "मी वॉर्डात सिस्टर होते, डॉक्टर नव्हते, पण मला हे मानेचं वाटत नाही, मिरजेला हाताच्या सर्जनला दाखव." तिथे गेल्यावर त्यांनीही पहिल्यांदा हेच करायला लावलं, फेलनची टेस्ट म्हणतात म्हणे तिला.

डॉक्टरांनी कार्पल टनेल असं दुखण्याचं नाव सांगून चित्र काढून समजावलं, मी मान डोलावली, डोक्यात काही गेलं नाही. घरी येऊन तुम्हाला विचारलं तेव्हा तुम्ही माझ्याच मशीनवरचा परकर उचललात. हा नेफा. ह्यात एक नाडी असते. मनगटाच्या नेफ्यात बोटं वाकवणाऱ्या नऊ दोऱ्या आहेत आणि त्यांच्याच गर्दीत एक नस. खालून हाडं, वरून जाड पट्टा, कुठूनच सैल व्हायला जागा नाही. दोऱ्यांना सूज आली की दाबली जाते ती नस. ऑपरेशनमध्ये नस कुणी कापत नाही, वरचा नेफा उसवतात. माई, खरं सांगते, "हाताची नस कापतात, मग हात लुळा पडतो" हे मला चार बायकांनी सांगितलं होतं आणि मी तेच धरून बसले होते. उसवणं म्हटल्यावर भीती निम्मी झाली. उसवायचं काम मी रोज करते की.

तरी मी लगेच गेले नाहीच. रात्री मनगट सरळ ठेवायचा पट्टा लावून झोपले, त्याने झोप जरा लागायला लागली. मग मनगटात स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलं, जादू झाली, तीन महिने काही नाही, अख्खी लग्नसराई मारून नेली. मी पेढे घेऊन तुमच्याकडे आले, बघा ऑपरेशन टळलं म्हणून. तुम्ही पेढा बाजूला ठेवून माझे दोन्ही तळवे उजेडात धरलेत आणि अंगठ्याखालचा उंचवटा दाखवलात. डावा भरलेला, उजवा बसका, पंक्चर झाल्यासारखा. "दुखणं थांबलंय, दाब थांबला नाही. स्नायू वाळायला लागलाय. गेलेलं किती परत येईल हे कुणी सांगू शकत नाही, पण थांबलीस तर आहे तेही जाईल."

मला इतका राग आला तुमचा. आनंदाच्या वेळेला असं कुणी बोलतं का. दोन दिवस बोलले नाही, तुमची आमटीची वाटी पण पोरीच्या हातून परत पाठवली, धुऊन पण रिकामी (रिकामी वाटी परत द्यायची नसते हे मला कळतं, मुद्दाम दिली). त्याबद्दल इथे सगळ्यांसमोर सॉरी. तिसऱ्या रात्री पुन्हा अडीचला हात झटकत उठले.

मग तुम्हीच बरोबर आलात, सांगली-मिरज सिटी बसने, एनसीव्हीला, म्हणजे नसांच्या तपासणीला. मनगटाच्या खालीवर बारीक शॉक देऊन सिग्नल पोचायला किती मिलिसेकंद लागतात ते मोजतात, प्रत्येक शॉकला माझं बोट आपोआप उडत होतं आणि तुम्ही बाहेर चिवडा खात होतात. रिपोर्ट उजव्याचा सिव्हियर, डाव्याचा माइल्ड. शुगर आणि थायरॉइड केलं का हेही डॉक्टरांना तुम्हीच विचारलंत, टीएसएच वाढलेलं निघालं. मी लगेच आशेने, मग थायरॉइडच्या गोळीनेच बरं होईल का? डॉक्टर म्हणाले डाव्याला कदाचित फायदा होईल, उजव्याचा अंगठा थांबायच्या पलीकडे गेलाय.

ऑपरेशनच्या सकाळी बांगड्या. मी रडवेली, सासूबाई म्हणाल्या वाढवायच्या नाहीत, तुम्ही साबणाचा फेस करून एकेक काढलीत, एक पण फुटली नाही, आणि डाव्या हातात तशाच ठेवल्यात. ऑपरेशन म्हणजे काय तर तळहातात भूल दिली तेवढंच काय ते झोंबलं, मी जागी, मध्ये पडदा, वीसेक मिनिटं. तिथली सिस्टर विचारते तुम्ही बोटनेक शिवता का, मी म्हटलं आत्ता नको, दोन महिन्यांनी या.

त्याच रात्री मी सकाळपर्यंत झोपले. कितीतरी महिन्यांनी.

बाकी पुढचे दिवस मात्र वाटले तेवढे सोपे नव्हते आणि हे कुणी सांगत नाही म्हणून लिहितेय. तुम्ही सांगितलंत तसं हात दोन उशांवर, बोटं पहिल्या दिवसापासून हलवायची, ताठ, मग हुकासारखी वाकवून, मग मूठ. अंघोळीला दुधाची पिशवी आणि रबरबँड. पण एका हाताने निऱ्या काढता येत नाहीत, वेणी येत नाही. बारा दिवस, टाके निघेपर्यंत, रोज साडेसातला तुम्ही येऊन माझी वेणी घातलीत, इतकी घट्ट की डोळे ताणले जायचे, मी चाळीशी ओलांडलेली बाई शाळेत निघाल्यासारखी बसायचे. टाके निघाल्यावर वाटलं संपलं, तर तळव्याच्या बुडाशी दोन्ही बाजूंना दुखायला लागलं, जमिनीवर हात टेकून उठताच यायचं नाही. मी घाबरून तुमच्याकडे, काहीतरी चुकलं म्हणून. तुम्ही म्हणालात नेफा उसवल्यावर आजूबाजूचं कापड बसायला वेळ लागतो, खोबरेल तेल घेऊन व्रणावर गोल गोल चोळ. अडीच महिने लागले. मोठी कात्री धरायला आठ आठवडे, ओलं बेडशीट पिळायला त्याहून जास्त.

आता हिशोब. रात्रीचं दुखणं शून्य. मुंग्या नाहीत. मधल्या बोटाचं टोक अजून जरासं कापडातून हात लावल्यासारखं आहे. अंगठ्याचा उंचवटा थोडा भरलाय, पूर्ण नाही. तुम्ही तेव्हा सांगितलंत तेवढंच झालंय, ना कमी ना जास्त, म्हणून मला त्याचं वाईट वाटत नाही. डाव्याला रात्री पट्टा लावते, गोळी रोज घेते, मिळालं उत्तर?

आणि तुमचा इरकलीवरचा ब्लाउज झालाय. हुक सगळे मीच लावले, जमिनीवर एकही पडला नाही. माप जुनंच धरलंय, पण लेकीच्या हातचं खाऊन तब्येत सुधारली असेल तर दोन्ही बाजूंनी एकेक इंच माया ठेवलीये आत.

तुमची,
खालच्या मजल्यावरची