बाबांसमोर वाचू नकोस

लाइप्झिग, फेब्रुवारी

ती. आईस,
सा. न.

आपला फोन कायम स्पीकरवर आणि बाबा शेजारच्या खुर्चीत, म्हणून हे लिहून पाठवतेय. ऑफिसातला सिन्नरचा मुलगा सुट्टीवर येतोय, त्याच्या हाती देते. त्याची नुसत्या चहावर बोळवण करू नकोस.

आधी तुझ्या प्रश्नांची उत्तरं देते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील. हो, मी डॉक्टरकडे गेले होते. मावशीच्या मीनूने सांगितलं ते खरं आहे, पण तिने तिखटमीठ भरपूर लावलंय. कुणी फसवलेलं नाही, कुठली भानगड नाही. जेवते, पोळ्या स्वतः लाटते. नोकरी शाबूत आहे आणि ऑफिसात कुणाला काही कळलेलं नाही. इथे डॉक्टर रजेचा दाखला देतात त्यात अमुक तारखेपर्यंत कामावर येऊ शकत नाही एवढंच कंपनीला कळतं, आजाराचं नाव कळत नाही. पगारही कापला नाही. आजारपणात पहिले 6 आठवडे कंपनीला पूर्ण पगार द्यावाच लागतो. आणि 'पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला का' असं तू मावशीला विचारलंस म्हणे, तर नाही झाला. बरी आहे मी.

हे कसं सुरू झालं ते सांगायचं तर आधी इथल्या खिडक्यांचं सांगायला हवं. या लोकांना खिडक्यांचं वेड आहे. बाहेर उणे 5 असो, बर्फ पडत असो, सकाळी उठले की हीटर बंद करतात आणि घरातल्या सगळ्या खिडक्या सताड उघडतात. किलकिल्या चालत नाहीत, सताड. पाच-दहा मिनिटं. दुलया खिडकीत टाकतात, हवा खाऊ देतात, मग बंद. संध्याकाळी पुन्हा. आंघोळ झाली की पुन्हा, कुकर उतरला की पुन्हा. कारण असं की घरं इतकी घट्ट बांधलेली की माणसाच्या श्वासाची, वाळत घातलेल्या कपड्यांची, भाताची सगळी वाफ आतच कोंडते, थंड भिंतीला पाणी सुटतं आणि कोपऱ्यात काळी बुरशी धरते. बरं, दिवसभर बारीक फट ठेवावी तर भिंतच गार पडते आणि बुरशी आणखी फोफावते. म्हणून थोडाच वेळ, पण पूर्ण उघडायचं. भाडेकरारातसुद्धा हे लिहिलेलं असतं, दिवसातून किती वेळा ते! मी पहिल्या हिवाळ्यात स्वेटर, कानटोपी घालून खिडकीत उभी राहून हसायचे. मग सवय लागली.

या हिवाळ्यात ती सवय कधी सुटली, माझं मलाच कळलं नाही. कळलं खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाईंना. बुरशीवरून भांडायलाच वर आल्या होत्या. बेडरूमचा कोपरा बघितला, सिंकमधली भांडी बघितली, मला बघितलं, आणि भांडण राहिलं बाजूला, म्हणाल्या, उद्या डॉक्टरकडे जा.

अगं, मी रडत वगैरे नव्हते. कामाला जात होते, तुझ्याशी फोनवर हसत होते. डोकं मात्र रोज दुखायचं, कपडे मशीनला लावायचे म्हटलं तरी जिवावर यायचं, आणि दादाने 'काय गं, कशी आहेस' विचारलं तरी खेकसायचे. डिसेंबरात इथे चारला अंधार पडतो, मी त्याच्यावरच सगळं ढकललं होतं.

डॉक्टर साध्याच, आपल्या नाक्यावरच्या दवाखान्यासारख्या. रक्त तपासलं, मग एक कागद दिला. डिप्रेशन आहे का ते बघायचे 9 प्रश्न, आणि गेल्या 2 आठवड्यांत यातलं काय किती वेळा जाणवलं ते 0 ते 3 मध्ये लिहायचं. कशात रस वाटत नाही का, झोप, भूक, थकवा, लक्ष लागतं का, आपण सगळ्यांना निराश केलं असं वाटतं का, हालचाल मंदावली का किंवा उलट जीव थाऱ्यावर नाही असं होतं का. बेरीज 10 वर किंवा त्यापुढे गेली की त्या खोलात शिरतात. माझी गेली. किती ते विचारू नकोस. शेवटचा प्रश्न 'मेलेलं बरं' असं वाटण्याचा असतो, तिथे मी शून्य लिहिलं, तुझी शपथ. आता दर आठवड्याला एका बाईंकडे बोलायला जाते, विम्यातच बसतं, खिशातून जात नाही.

पण आई, कागद भरताना मला सारखे बाबा दिसत होते.

पहाटे साडेतीनला उठून हॉलमध्ये बसतात, तूच सांगितलंस. सकाळी तोंड उतरलेलं, संध्याकाळी जरा बरे, हेही तूच सांगितलंस. प्रेसमधून रिटायर झाल्यावर मुक्तिधाम मंदिराशी मित्रांचा कट्टा कधी चुकला नाही त्यांचा, आणि आता म्हणे सिंहस्थासाठी नाशकात रस्ते खोदलेत, कोण जाणार. रंगपंचमीला शनी चौकातल्या रहाडीत, त्या रंगाच्या हौदात, उडी मारल्याशिवाय ज्यांना सण झाल्यासारखं वाटायचं नाही, ते गेल्या वर्षी गॅलरीतसुद्धा आले नाहीत. छातीत धडधडतं म्हणून ईसीजी काढला, नॉर्मल आला, ऍसिडिटीच्या गोळ्या दिल्या, आपण सुटकेचा श्वास सोडला. धडधड थांबली का? गॅसचं बटण किती वेळा बघतात? मला 'पोचलीस का' म्हणून फोन, मी पोचले सांगितल्यावर अर्ध्या तासाने परत फोन. पिंपळगावहून द्राक्षं आणायची का नाही हे ठरवायला त्यांना अख्खा आठवडा लागला, असं वहिनी हसत सांगत होती. मला हसू आलं नाही. चष्मा फ्रीजमध्ये सापडला तेव्हा दादा म्हणाला, वय झालं. झालं असेल. पण मन खचलं की त्या वयात विसरभोळेपणाही येतो, आणि तो उपचाराने कमीही होतो.

ते उदास दिसत नाहीत, चिडके दिसतात. दूधवाल्याशी दोन रुपयांवरून भांडणारा माणूस आजारी असेल असं कुणाच्या मनात येणार?

त्यांच्यापुढे मनोविकार हा शब्द काढू नकोस, दार लावून बसतील. झोपेसाठी दाखवू म्हण. आधी आपल्या डॉक्टरांकडून थायरॉइड, बी12, शुगर करून घे, त्यातल्या गडबडीनेही माणूस असा होतो. मग चिठ्ठी घेऊन मानसोपचारतज्ज्ञांकडे. सिव्हिलमध्येही तो विभाग आहे. डिप्रेशनची गोळी दिली तर ती झोपेची नसते, सवय लागेल म्हणून घाबरू नकोस. गुण यायला काही आठवडे जातात. आठ दिवसांत 'काही फरक नाही' म्हणून बंद करतील, तेव्हा डबा तुझ्याकडे ठेव, आणि बरं वाटलं तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू देऊ नकोस. आणि तो शेवटचा प्रश्न तू त्यांना विचार. विचारल्याने नसलेलं डोक्यात येत नाही. उत्तर हो आलं तर त्यांना एकटं सोडू नकोस, त्याच दिवशी दाखव. तुला स्वतःला बोलावंसं वाटलं तर 14416 वर फोन कर, सरकारची फुकट सेवा आहे, रात्रीबेरात्रीही चालते, मराठीत बोलतात. सप्तशृंगीला नवस बोललीस तरी माझी ना नाही. फक्त डॉक्टर आधी.

तुझी कंबर दुखते त्याचंही मी लिहिणार होते, पण तू म्हणशील आता सगळ्यांनाच पेशंट करते.

ओझरच्या स्थळाचं: मुलगा फोटोत बरा वाटतोय, बोलायला हरकत नाही. पण मी डॉक्टरकडे जाते हे मी त्याला पहिल्याच फोनवर सांगणार. तुझं म्हणणं कळतं, लोक काय म्हणतील वगैरे. लपवून लग्न ठरवायचं असेल तर माझी पत्रिका कपाटातच राहू दे. मेमध्ये छोटूच्या मुंजीला येणं जमत नाही गं. रागावू नकोस. रजा आजारपणात गेली म्हणून नाही, कामच आहे. म्हणजे रजा आहे, पण इतक्यात घरी येऊन सगळ्यांसमोर हसायची ताकद नाही अजून. हे दादाला सांगू नकोस, कामच सांग.

तिकिटाचे साठ हजार तुझ्या खात्यावर टाकलेत. त्यातून बाबांच्या तपासण्या कर, फ्लॅटच्या हप्त्याला हात लावू नकोस, तो मी वेगळा पाठवते. मुंजीच्या आहेराला पाच हजार वहिनीकडे दे, पाकिटावर माझं नाव तुझ्या अक्षरात लिही. बाबांना विचारलं तर म्हण, बोनस मिळालाय तिला.

तुझी,
मनू