हंटर सुचवण्याआधी तू जे विचारलंस, त्याबद्दल

प्रिय मित्रा,

तुझं नाव असं चारचौघांत आलेलं तुला आवडणार नाही, म्हणून नुसतं मित्रा म्हणते. माझ्या धाकट्या भावाचा टोरांटोतला रूममेट एवढी ओळख पुरे. फोनवर आभार मानून झाले आहेत, तरी हे पत्र उघडपणे लिहावंसं वाटलं. एखाद्या नवख्या माणसाला खेळात कसं घ्यावं हे तू मला ज्या रीतीने दाखवलंस, ते आणखी चार जणांना कळायला हवं.

2019 च्या ऑगस्टमध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन खेळाची क्लासिक आवृत्ती आली. मूळ खेळ 2004 चा, आणि त्याचं ते जुनं रूप परत खेळायला मिळणार म्हणून तुम्ही दोघं हरखून गेला होतात. भाऊ म्हणाला, ताई, तूही ये. कोल्हापुरात सकाळचे सात वाजतात तेव्हा तुमच्याकडे आदल्या रात्रीचे साडेनऊ, त्यामुळे ऑफिसला निघण्याआधीचा तासभर आपला असं ठरलं. मी खातं उघडलं आणि कॅरेक्टर निवडायच्या स्क्रीनवर येऊन थांबले. क्लास, म्हणजे पात्राचे प्रकार, एकूण नऊ. खेळातल्या दोन पक्षांपैकी आपण अलायन्सकडून खेळणार म्हणून त्या पक्षात नसलेला शमन बाद, तरी आठ उरलेच.

भावाने सांगितलं, प्रीस्ट घे. तुमच्या टोळीत वॉरियर (लढवय्या) होता, मेज (जादूगार) होता, प्रीस्टसारखा हीलर, म्हणजे जखमी सोबत्यांना बरं करणारा, मिळत नव्हता. त्याचंही बरोबरच होतं म्हणा, पाच जणांनी मिळून लढायच्या गुहेत, म्हणजे डंजनमध्ये, हीलरशिवाय पान हलत नाही. तू मात्र मध्येच त्याच्या हातून फोन घेतलास आणि म्हणालास, "ताईंना खेळायला बोलावतोयस की आपली अडचण सोडवायला?" मग मला विचारलंस: एकटी खेळायला मिळणार की कायम कुणीतरी सोबत असणार? मधेच उठावं लागतं का? लढाईत पुढे उभं राहायला आवडेल की मागून? आणि इंटरनेट कसं आहे?

हे शेवटचं मला सुचलंही नसतं. सर्व्हर अमेरिकेत, मी कोल्हापुरात. बटण दाबलं की सुमारे पाव सेकंदाने तिकडे परिणाम व्हायचा. मी खरंखरं सांगितलं: बऱ्याचदा एकटी असेन, कुकरची शिट्टी झाली की उठेन, आणि अंगावर कुणी धावून आलं की माझी बोटं थिजतात. तेव्हा कुठे तू म्हणालास, "मग हंटर, शिकारी. आणि ड्वार्फ वंश घ्या, बंदूक पहिल्यापासून हातात असते."

कारणंही सांगितलीस, त्याबद्दल वेगळे आभार. वॉरियर बाहेरून सोपा दिसतो, पण एकट्याने वाढवायला अवघड. हत्यार चांगलं नसेल तर प्रत्येक रानडुक्कर जिवावर उठतं. मेजला दोन-तीन लढायांनंतर बसून पाणी प्यावं लागतं. प्रीस्ट एकट्याने खेळता येतो, पण अंगावर नुसतं कापड, आणि डंजनमध्ये चौघांचे जीव पहिल्याच दिवशी आपल्या हाती. हंटर लांबून मारतो, गोळ्या आपोआप सुटत राहतात, त्यामुळे पाव सेकंदाचा उशीर फारसा बोचत नाही. आणि मुख्य म्हणजे मार खायला पुढे जनावर असतं. नवशिक्याला विचार करायला वेळ देणारा क्लास हवा, हे तुझं म्हणणं मला आजही शंभर टक्के पटतं.

त्याच्या खोडीही तू लपवल्या नाहीस. आठ यार्डांच्या आत बंदूक चालत नाही आणि पाच यार्डांच्या पलीकडे कुऱ्हाड पोचत नाही. मधल्या पट्ट्यात शत्रू आला तर हंटर नुसता बघत राहतो. शिवाय पेट, म्हणजे ते पाळीव जनावर, मिळतं दहाव्या लेव्हलला. "तोपर्यंत हंटर म्हणजे अर्धाच क्लास. दहाच्या आत मत बनवू नका," असं तू निक्षून सांगितलंस. ते सांगितलं नसतंस तर डन मोरो या ड्वार्फांच्या सुरुवातीच्या मुलखातल्या बर्फात गोळ्यांच्या पिशव्या वाहता वाहता मी कधीच कंटाळले असते.

दहावी लेव्हल आली ती सकाळ मला लख्ख आठवते. खारानोस गावातल्या ग्रिफ वाइल्डहार्टने काठी दिली आणि एकामागून एक तीन जनावरं माणसाळवून आणायला सांगितली: आधी रानडुक्कर, मग हिमबिबट्या, मग अस्वल. माणसाळवताना वीस सेकंद जागचं हलायचं नाही, चिलखताचा उपयोग शून्य, आणि समोरचं जनावर आपल्यावर तुटून पडलेलं. पट्टी पुढे सरकतेय, माझं रक्त उतरतंय, आणि हेडफोनमधून तू शांतपणे म्हणतोयस, "काही करू नका ताई, नुसतं उभं राहा." बिबट्या माणसाळून त्याचं नाव हिरवं झालं तेव्हा मी इतक्या मोठ्याने ओरडले की आई स्वयंपाकघरातून धावत आली.

कायमचं पेट म्हणून अस्वल घ्यायला तूच सुचवलंस. मांजरकुळातली जनावरं मारतात जोरात, पण खातात फक्त मांस आणि मासे. अस्वलाला पाव, चीज, फळं, अळिंबी, मासे, मांस काहीही चालतं. क्लासिकमध्ये हे फार महत्त्वाचं. पेट खूश असेल तर सव्वापट मारतं, नाराज असेल तर पाऊणपट, आणि फारच आबाळ झाली तर सोडूनही जातं. माझी पोतडी सदा अर्धी गोळ्यांनी भरलेली. त्यात अस्वलासाठी वेगळा बाजार करावा लागला नाही. त्याचं नाव मी भीमा ठेवलं. लॉक मोडन या पुढच्या मुलखात पोचेपर्यंत मला माझ्यापेक्षा त्याचीच काळजी जास्त वाटू लागली होती.

डंजनला जायची वेळ आली तेव्हाही तू आधी मला बाजूला घेऊन शिकवलंस. हंटरला गटात लोक का नाकं मुरडतात ते सांगितलंस: त्याचं पेट गुरगुरून टँकचे, म्हणजे पुढे उभं राहून मार झेलणाऱ्याचे, शत्रू स्वतःकडे ओढतं, आणि हंटरने कठड्यावरून खाली उडी मारली की पेट लांबच्या वाटेने धावत येतं, येताना अर्धी गुहा मागे घेऊन. म्हणून आत शिरताच ग्राउल, म्हणजे ते गुरगुरणं, बंद, पेट पॅसिव्हवर, म्हणजे सांगितल्याशिवाय लढणार नाही असं, उडी मारायच्या आधी पेट परत पाठवायचं. डेडमाइन्स या डंजनच्या दारात तू या तिन्ही गोष्टी माझ्याकडून करवून घेतल्यास, घाई न करता, बाकीचे तिघे खोळंबलेले असताना. त्यांच्यासमोर मला एकदाही नवखं असल्यासारखं वाटू दिलं नाहीस. ते मी विसरणार नाही.

तिसाव्या लेव्हलला मेल्याचं सोंग घेता येऊ लागलं तेव्हा मात्र शिकवायची पाळी माझी आली, आठवतं ना? पूर्ण गट आडवा, आणि मीच तेवढी उठून बसलेली!

आता या पत्राचं निमित्त. माझी भाची यंदा नव्या आवृत्तीत खेळायला बसली. विसाव्या लेव्हलपर्यंत पैसे पडत नाहीत, म्हणून तिच्या आईचीही हरकत नव्हती. क्लास आता तेरा झाले आहेत आणि हंटरला पेट पहिल्या लेव्हलपासूनच मिळतं. हंटरच घे, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण मी तिला तुझेच प्रश्न विचारले. पोरगी म्हणाली, मला मागे उभं राहायला मुळीच आवडत नाही, मैत्रिणींना मार लागू नये म्हणून मी पुढे उभी राहीन. मग पॅलाडिन ठरला: अंगावर जाड चिलखत, हातात ढाल, आणि रक्त उतरलं तर स्वतःला बरं करायची सोय. दहाव्या लेव्हलला तिने प्रोटेक्शन, म्हणजे पॅलाडिनची ढालवाली शाखा, निवडली आणि आता दिवसभर ढाल फेकत हिंडते.

तिला डंजनमध्ये पहिल्यांदा टँक म्हणून उभं राहायचंय आणि अनोळखी लोकांसोबत जायचा धीर होत नाहीये. येत्या शनिवारी आमच्या सकाळी सातला तू आणि भाऊ ऑनलाइन याल का? मी पेट आवरून धरते. हीलर तेवढा तुम्ही शोधा.

तुझी,
ताई