माहिती आणि प्रसारण मंत्र्यांना खुलं पत्र: लोकल एफएमवर आमची गाणी कधी लागणार?

मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

आमच्या शहरातल्या एका खासगी एफएमबद्दल लिहितोय. सुरू झालं तेव्हा सकाळी अभंग, मग भावगीतं, दुपारी लोकांच्या फर्माईशी आणि आरजे गावातलाच, पेठांची नावं घेऊन बोलायचा. मग अचानक सगळं हिंदी हिट्स झालं, मग रेट्रो, आता परत नवीन हिंदी, तीच ती गाणी फिरून फिरून आणि अर्धे कार्यक्रम बाहेरगावी रेकॉर्ड केलेले. फॉरमॅट इतक्यांदा बदलला पण ऐकणाऱ्यांना एकदाही कुणी विचारलं नाही!

खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्याच जशाच्या तशा लावायच्या, म्हणजे स्टेशनची ओळख उरते ती गाण्यांवर, आणि गाणीच सगळीकडे सारखी असतील तर त्याला लोकल कशाला म्हणायचं?

हे आत्ता लिहायचं कारण म्हणजे ऑगस्ट 2024 मध्ये मंत्रिमंडळाने 234 नव्या शहरांत 730 खासगी एफएम चॅनलच्या लिलावाला मंजुरी दिली तेव्हा मातृभाषेतला लोकल कंटेंट वाढेल असं सरकारनेच सांगितलं होतं. त्या यादीत आपल्याकडचं लातूर आहे, यवतमाळ आहे, चंद्रपूर-गोंदिया आहे. चंद्रपूर-गोंदियाकडे झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भातली गावोगावची नाटकं रात्र रात्र चालतात, भरपूर गाणी असतात त्यात, लोक लांबून बघायला येतात, आणि तिथे नवीन एफएम येऊन मुंबईचीच प्लेलिस्ट वाजवणार असेल तर त्या लोकांना काय मिळालं?

फ्रान्सने 1994 मध्ये कायदाच केला, रेडिओवर 40 टक्के गाणी फ्रेंच हवीत आणि तीसुद्धा लोक ऐकतात त्या वेळेत. आपल्याकडेही लायसन्सच्या अटीत असा आकडा आणि वेळ दोन्ही लिहा, नाहीतर मराठी गाणी रात्री 2 वाजता लावून कोटा पूर्ण होईल.

हिंदीवर बंदी घाला असं मी अजिबात म्हणत नाहीये. तुमच्याच खात्याचे मंत्री बाळकृष्ण केसकर यांनी 1952 मध्ये आकाशवाणीवरून फिल्मी गाणी जवळजवळ हद्दपार केली तर लोक सरळ श्रीलंकेतल्या रेडिओ सिलोनकडे वळले आणि शेवटी 1957 मध्ये आकाशवाणीलाच गाण्यांसाठी विविध भारती सुरू करावी लागली. हिंदी राहू दे, फक्त आमच्या गाण्यांना दिवसाढवळ्या जागा द्या, आणि फॉरमॅट बदलायचा असेल तर आधी जाहीर करून श्रोत्यांची मतं मागवायची सक्ती करा.

आपला,
एक रोजचा श्रोता