महिला दुहेरीलाही जागा द्या

महोदय,

८ जून २०२५ रोजी फ्रेंच ओपन टेनिस स्पर्धेच्या लाल मातीवर पुरुष एकेरीच्या अंतिम सामन्यात अल्काराझ आणि सिन्नर ५ तास २९ मिनिटे झुंजले. त्या सामन्याला वर्तमानपत्रांनी भरभरून जागा दिली, ती योग्यच होती. पण त्याच दिवशी सारा एरानी आणि जस्मिन पाओलिनी या इटालियन जोडीने डॅनिलिना-क्रुनिच यांना ६-४, २-६, ६-१ असे हरवून महिला दुहेरीचे विजेतेपद मिळवले. मी चाळलेल्या दैनिकांत ही बातमी कोपऱ्यातल्या एकदोन ओळींत उरकली होती. याचे फार वाईट वाटले.

एरानी तेव्हा ३८ वर्षांची होती. हीच स्पर्धा तिने रॉबर्टा विंचीसोबत २०१२ मध्ये जिंकली होती. २०२४ च्या अंतिम सामन्यात एरानी-पाओलिनी हरल्या आणि दोन महिन्यांत त्याच मैदानावर त्यांनी ऑलिंपिक सुवर्ण मिळवले. दोघींची उंची साडेपाच फुटांच्या आत, एरानीची सर्व्हिस तर मवाळच. पण मातीवर टप्पा पडला की चेंडू मंदावतो, उंच उसळतो. नुसत्या ताकदीवर गुण मिळत नाहीत. रॅली, म्हणजे चेंडूची देवाणघेवाण, लांबते, आणि मग लॉब (प्रतिस्पर्ध्याच्या डोक्यावरून जाणारा उंच फटका) कधी टाकायचा, नेटजवळच्या जोडीदारणीने आडवे कधी जायचे, तिच्यामागे मोकळी पडलेली बाजू कोणी सांभाळायची, यावर सामना फिरतो. आपल्या मुलींनी बघावा, शिकावा असा हा खेळ आहे.

सानिया मिर्झा २०११ मध्ये व्हेस्निनासोबत फ्रेंच ओपनच्या महिला दुहेरीत उपविजेती ठरली. एप्रिल २०१५ मध्ये ती दुहेरीत जगात अव्वल झाली, तीही हिंगिससोबत चार्ल्स्टनची मातीवरचीच स्पर्धा जिंकून. आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तिची जोडीदार कोण होती? बार्शीची प्रार्थना ठोंबरे! त्याआधी २०१४ च्या आशियाई स्पर्धेत या दोघींनी कांस्यपदक मिळवले होते. बार्शी आमच्या धाराशिव जिल्ह्याला लागून आहे, तरी मी शिकवते त्या वर्गात एकाही मुलीला प्रार्थनाचे नाव माहीत नव्हते. दोष मुलींचा नाही. त्यांच्या घरी येणाऱ्या पेपरात ते नाव दिसायला हवे ना!

फ्रेंच ओपन चालते तेव्हा शाळांना सुट्ट्या असतात, मुलींना वाचायला वेळ असतो. त्या काळात आपल्या मराठवाडा आवृत्तीत महिला दुहेरीचे निकाल रोज द्यावेत आणि अंतिम सामन्याचा सविस्तर वृत्तान्त दोघींच्या छायाचित्रासह छापावा, ही विनंती. प्रार्थनासारख्या आपल्या भागातल्या खेळाडू कुठे, कोणासोबत खेळत आहेत, हेही वेळोवेळी कळवावे.

– एक शिक्षिका, धाराशिव