चाओझोऊच्या चहावाल्या काकांना

काका,
सादर नमस्कार.

हे पत्र मराठीत आहे, म्हणजे तुम्हांला ते कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागेल. तरी ते मराठीतच आणि सगळ्यांदेखत लिहितो आहोत, कारण तुम्ही आम्हां परक्या माणसांना जे शिकवलंत ते आमच्या माणसांनाही कळायला हवं. चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातल्या तुमच्या या जुन्या शहरात बघण्यासारखं पुष्कळ आहे. हान नदीवरचा ग्वांगजी पूल ११७१ साली बांधायला घेतला. त्याचा मधला भाग अठरा होड्या एकमेकींना जोडून तयार होतो. पण चिनी माणसाच्या रोजच्या जगण्याबद्दल आम्हांला जो आदर वाटतो, तो पायफांग रस्त्यामागच्या गल्लीत, तुमच्या टेबलापाशी गोंगफू चहा, म्हणजे तुमच्याकडचा छोट्या पेल्यांतला कडक चहा, पिताना रुजला. त्याबद्दल मनापासून आभार.

समोर तीन माणसं असोत की आठ, तुमच्या तबकात पेले तीनच. पहिली फेरी वडीलधाऱ्यांची आणि पाहुण्यांची. मग पेले कढत पाण्यातून काढायचे आणि दुसरी फेरी बाकीच्यांना. चहा करणारा शेवटी पितो. ज्याला पेला मिळाला तो दोन बोटं वाकवून टेबलावर हलकेच टकटक करतो. तेवढ्यात आभार पोचतात आणि चाललेलं बोलणंही तुटत नाही. परक्या माणसाला इतक्या सहज बसवून घेणारी दुसरी रीत आम्हांला ठाऊक नाही.

या चहातली प्रत्येक क्रिया समोरच्या माणसासाठी असते, हे तुम्ही बोलून नाही, हातांनी दाखवलंत. ओतायचंच पाहा. भांड्यातून आधी पडतो तो चहा फिका, शेवटी पडतो तो कडक. एकेक पेला भरत गेलं तर पहिल्याच्या वाट्याला पाणी आणि तिसऱ्याच्या वाट्याला काढा. म्हणून तीनही पेले एकमेकांना खेटून ठेवायचे आणि धार न थांबवता त्यांच्यावरून गोल गोल फिरवायची. सेनापती ग्वान यू शहराभोवती गस्त घालतो, असं तुम्ही याला म्हणता. धार संपून थेंब पडू लागले की तेही प्रत्येक पेल्यात वाटून टाकायचे. ती हान शिन या दुसऱ्या जुन्या सेनापतीची सैनिकांची मोजदाद. अर्क त्या शेवटच्या थेंबांतच असतो. भांडं उंच धरून ओतलं तर फेस येतो, गंध उडतो आणि चहा निवतो, म्हणून धार अगदी पेल्यालगत. पाणी घालताना मात्र उलट: किटली उंच धरायची, म्हणजे धारेच्या जोराने पत्ती वरखाली होते. पेला काठोकाठ भरायचा नाही, बोटं भाजतात. दहापैकी सात भाग भरला की पुरे.

मापंही तुम्ही हातचं राखून न ठेवता सांगितलीत. गायवान, म्हणजे झाकणाचा चिनी मातीचा कप, साधारण ११० मिलिलिटरचा. त्यात दान्त्सोंग जातीचा ऊलाँग, म्हणजे हिरव्या आणि काळ्या चहाच्या मधला चहा, ७ ते ८ ग्रॅम. ही लांब, पीळदार पत्ती जागा फार खाते. कोरडी असतानाच कप जवळजवळ भरलेला दिसतो आणि नवखा माणूस घाबरून निम्मी काढून ठेवतो. तिथेच चहा बिघडतो, कारण पत्ती कमी पडली की तो जास्त वेळ मुरवावा लागतो आणि मग सुगंधाऐवजी तुरटपणा उतरतो. चुरा वेगळा काढून मधोमध ठेवायचा, अख्खी पत्ती कडेने आणि वर. पाणी खळखळ उकळलेलं हवं. ते कडेकडेने गोल घालायचं, मधोमध नाही, नाहीतर चुऱ्यातला कडवटपणा एकदम सुटतो. वर आलेला फेस झाकणाच्या कडेने निपटायचा. पहिलं पाणी लगेच पेल्यांवर ओतून टाकायचं; पत्ती जागी होते आणि पेलेही तापतात. मग एक पेला दुसऱ्यातल्या गरम पाण्यात आडवा धरून अंगठा आणि दोन बोटांनी गरगर फिरवायचा. तुमचे पेले त्या वेळी जी किणकिण करतात, तिच्यावरून गल्लीतल्या शेजाऱ्यांना चहा सुरू झाल्याचं कळतं.

त्यानंतरच्या तीनचार पाण्यांना पाचेक सेकंद बास. पुढे दर वेळी पाच-दहा सेकंद वाढवत गेलं तर चांगला माल आठ-दहा पाणी सहज देतो. दोन पाण्यांच्या मधे कपात थेंबही राहू द्यायचा नाही आणि झाकण किलकिलं ठेवायचं. बंद राहिलं तर पत्ती आतल्या वाफेवर शिजते आणि पुढचं पाणी कडू उतरतं. चहा कडू झाला की लोक पत्तीला नावं ठेवतात. दोष बहुतेक वेळा या झाकणाचा असतो.

भाजलेल्या बोटांवरचा इलाजही तुमचाच. गायवानचा काठ बाहेर वळलेला असतो. पाणी त्या वळणाच्या खाली थांबवलं तर काठ धरण्याइतपत राहतो. अंगठा आणि मधलं बोट काठावर समोरासमोर, तर्जनी झाकणाच्या गोंड्यावर. झाकण जरासं तिरकं करून अगदी बारीक फट ठेवायची आणि न कचरता एकदम ओतायचं. हळू ओतलं की वाफ बोटांवर येते.

लाल मातीची छोटी किटली तुम्ही बराच काळ कुणाच्या हाती दिली नाहीत, ते योग्यच होतं. चिनी माती वास धरत नाही, म्हणून नवा चहा पारखायला गायवान. किटली वास धरते, तेव्हा एका किटलीत एकाच जातीचा चहा आणि तिला साबण कधीच नाही. काम झालं की पत्ती काढायची, गरम पाण्याने खळबळायची आणि झाकण बाजूला ठेवून वाळू द्यायची. ओली मिटली तर कुबट वास बसतो. चाओझोऊच्या किटल्या कुंभाराच्या चाकावर वळलेल्या असतात, यीशिंग या दुसऱ्या चिनी शहरातल्या मातीचे थापलेले तुकडे जोडून केलेल्या. हा फरक तुम्ही किटलीच्या आतून बोट फिरवायला लावून दाखवलात.

आणि उपाशीपोटी आलेल्याला तुम्ही कधी चहा दिला नाहीत. एवढा कडक चहा रिकाम्या पोटी घेतला की हात थरथरतात, गरगरतं. आधी भाताची पेज, कोकणातल्यासारखीच, शितं अख्खी असलेली, सोबत खारवलेला मुळा आणि मोहरीचा पाला. मग चहा, आणि मधूनमधून मुगाच्या सारणाची गोड वडी.

पत्ती कुठून येते हेही तुमच्यामुळे कळलं. फेंगहुआंग डोंगरावर, वूदोंगच्या उतारांवर वसंतात तोडणी होते. दुपारच्या उन्हात पानं थोडी सुकवायची, सावलीत निववायची, आणि मग रात्रभर काही काही तासांनी हातांनी हलवत, एकमेकांवर आपटत राहायचं. पानाच्या कडा तेवढ्या लालसर होतात, मधला भाग हिरवा राहतो, आणि फुलाफळांचे गंध याच वेळी तयार होतात. पहाटे कढईची धग द्यायची, वळायचं, सुकवायचं. पुढे कोळशाच्या मंद आचेवर भाजणं वेगळंच. भाजणीनंतर लगेच प्यायलं तर जिभेवर धग जाणवते, म्हणून माल काही आठवडे पडू द्यायचा. रात्रीत एक वेळ चुकली तर त्या दिवसाची तोड गेली. या कष्टांमुळेच तुम्ही चहाच्या भावात कुणाला घासाघीस करू देत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये युनेस्कोने चीनच्या पारंपरिक चहा-कलांना वारसा म्हणून मान दिला आणि चाओझोऊचा गोंगफू चहा त्यात आहे. याचा आनंद आम्हांलाही झाला.

मुंबई-पुण्याकडे हा चहा नेणाऱ्यांसाठी तुम्ही दिलेल्या सूचना इथेच लिहून ठेवतो. आठ-आठ ग्रॅमची हवाबंद पाकिटं न्यावीत आणि एका वेळी एकच फोडावं, कारण आपल्या पावसाळ्यात उघडी पत्ती दमट होते, गंध जातो आणि चवीला आंबूसपणा येतो. मसाल्याच्या कपाटात किंवा फ्रीजमध्ये ठेवू नये, पत्ती शेजारचा वास ओढते. बोअरवेलचं जड पाणी वापरू नये. त्यात सुगंध उठत नाही आणि रंग गढूळ दिसतो. पाणी हलकं असलं की विजेच्या किटलीवरही काम भागतं, तुमच्यासारखा ऑलिव्हच्या बियांचा कोळसा नसला तरी. दूध-साखर अर्थातच नाही.

शेवटी एका गोष्टीसाठी वेगळे आभार. कपातल्या पत्तीचं दुसरंच पाणी चालू असतं, तिच्यात अजून सहा पाण्यांचा जीव असतो, आणि दारातून नवा माणूस आत येतो. तुम्ही ती सगळी पत्ती काढून टाकता आणि त्याच्यासाठी नवी घालता. तो गिऱ्हाईक आहे की नुसता वाट चुकलेला परदेशी, हे न विचारता. आमच्यापैकी प्रत्येकासाठी तुम्ही अशी पत्ती बदलली आहे. आठ ग्रॅम वूदोंगची किंमत आता आम्हांला कळते, काका.

आपले ऋणी,
तुमच्याकडे चहा शिकलेली मराठी मंडळी