इम्प्लांटचे पाकीट फोडल्यानंतर काय होते? अन्न व औषध प्रशासन मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,

जत, कवठेमहांकाळपासून ते सीमेपलीकडच्या अथणीपर्यंतचे रुग्ण इम्प्लांटवर, म्हणजे जबड्याच्या हाडात रोवलेल्या कृत्रिम मुळावर, दात बसवायला सांगली-मिरजेत येतात. आपल्या तोंडात बसवलेला स्क्रू नवा होता की वापरलेला, हे त्यांना कळायला काहीच मार्ग नाही.

इम्प्लांटसाठी हाडात भोक पाडणारे ड्रिल पुन्हा वापरायचेच असते, पण मोजून. कंपनीनुसार ही मर्यादा वेगळी असते. अनेकदा ती 20 ते 50 भोकांच्या दरम्यान सांगितलेली असते. खालच्या जबड्याच्या पुढच्या भागातले हाड टणक, तिथे धार लवकर जाते. बोथट ड्रिल कापण्याऐवजी घासते. मग हाताचा जोर वाढतो, उष्णताही वाढते. 47 अंश सेल्सिअस तापमान मिनिटभर टिकले तरी हाडाला इजा होते. सलाईनची धार सोडूनही खोल भोकाच्या तळापर्यंत थंडावा नीट पोहोचत नाही. काही आठवड्यांनी इम्प्लांट हलू लागते आणि खापर रुग्णाच्या मधुमेहावर किंवा तंबाखूवर फुटते. ड्रिल कितव्यांदा वापरले होते, हे कोणी विचारत नाही.

ॲबटमेंटचा, म्हणजे इम्प्लांट आणि वरचा दात यांना जोडणाऱ्या भागाचा स्क्रू बहुधा 25 ते 35 न्यूटन-सेंटिमीटर टॉर्कने (पिळाच्या जोराने) आवळतात. त्याने स्क्रू किंचित ताणला जातो आणि त्या ताणावरच जोड घट्ट राहतो. उघडून पुन्हा आवळत राहिले की आटे घासतात. टॉर्क तेवढाच लावला तरी पकड कमी बसते. म्हणून लॅबच्या कामाचा स्क्रू वेगळा हवा आणि शेवटी तोंडात नवाच बसवायला हवा. पान्याचे षटकोनी टोक झिजले असेल तर स्क्रूचे डोके गोल होते. स्क्रू आत मोडला, तर तो काढताना कधी इम्प्लांटच गमवावे लागते.

हीलिंग कॅपच्या, म्हणजे हिरडी भरून येईपर्यंत इम्प्लांटवर लावायच्या टोपीच्या पाकिटावर '2' हा आकडा काट मारून छापलेला असेल, तर ती एकदाच वापरायची. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, जंतू मरतात, पण चिकटलेली प्रथिने राहू शकतात. अशी कॅप दुसऱ्या रुग्णाला लावणे आम्हाला मान्य नाही.

1 एप्रिल 2020 पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषध कायद्याच्या कक्षेत आली. त्यामुळे उत्पादन आणि विक्रीवर नजर आहे. दवाखान्यातल्या वापरावर ती पोहोचत नाही. दंत परिषदेशी बोलून एक परिपत्रक काढावे. इम्प्लांट, स्क्रू आणि कॅप यांचा लॉट नंबर (उत्पादनाच्या खेपेचा क्रमांक) केसपेपरवर लिहावा आणि रुग्णाच्या कार्डावरही द्यावा. प्रत्येक ड्रिलच्या भोकांची नोंद वहीत असावी, टॉर्क रेंचची (मोजून जोर लावणाऱ्या पान्याची) तपासणी दरवर्षी व्हावी. वहीला खर्च फारसा नाही. तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्याने आधी तीच मागावी.

आपले,
सांगली-मिरजेतील दंतवैद्य आणि दंत-तंत्रज्ञ